शरदाचे साठ दिवस

वय सांगताना आपण ‘वर्ष’ हा शब्द वापरतो, तेव्हा नकळत पावसाळेच मोजत असतो; कारण ‘वर्ष’ या शब्दाचे नाते वर्षेशी आहे. आपल्या वैदिक पूर्वजांनी आयुष्य मोजण्यासाठी आणखी एक माप वापरले, ते शरद ऋतूचे. दीर्घायुष्यासाठी केलेल्या त्यांच्या प्रार्थनांत शंभर शरदांचे आयुष्य मागितलेले आढळते. असे मागणाऱ्याच्या मनात काय असेल, याचा अंदाज बांधणे अवघड नाही. पूर ओसरले आहेत, पावसाळ्यातील दुखण्यांतून घरातील सारी माणसे सुखरूप बाहेर आली आहेत, शेतात पीक पिवळे पडू लागले आहे आणि आभाळ स्वच्छ झाले आहे. अशा वेळी ‘हे सारे पुन्हा एकदा पाहायला मिळो’ यापेक्षा मोठे मागणे ते कोणते असणार?

पंचांगाप्रमाणे आश्विन आणि कार्तिक हे शरदाचे दोन महिने, म्हणजे साधारण साठ दिवस. पंचाहत्तर वर्षांचे आयुष्य लाभले, तर असे पंचाहत्तर शरद आपल्या वाट्याला येतात. त्यांतील पहिले चार-पाच आठवणीत राहत नाहीत. पुढचे दहा-पंधरा सहामाही परीक्षेच्या सावटाखाली जातात आणि नंतरची तीस-पस्तीस वर्षे नोकरी-व्यवसायाच्या धावपळीत. बँकेतील मंडळींना तर ३० सप्टेंबरचा सहामाही हिशेब, पाठोपाठ सणासुदीची गर्दी आणि धनत्रयोदशीची लगबग यांत हा ऋतू केव्हा आला नि केव्हा गेला हेही कळत नाही. ऋतू चुकला तरी पुढच्या वर्षी तो पुन्हा येतो, हे खरेच. मात्र तो येतो तेव्हा घरातील माणसे सगळी तीच असतात, असे नाही. म्हणूनच या साठ दिवसांची, त्यांच्यातील चवींची, सुरांची आणि लहानसहान सुखांची थोडी आठवण ठेवावी, एवढ्यासाठी हा लेखप्रपंच.

ऋतूची चाहूल

भारतीय हवामान विभागाने २०२० मध्ये सुधारलेल्या वेळापत्रकानुसार नैऋत्य मोसमी पावसाच्या परतीचा प्रवास साधारणतः १७ सप्टेंबरच्या सुमारास पश्चिम राजस्थानातून सुरू होतो आणि १५ ऑक्टोबरपर्यंत तो संपूर्ण देशातून माघार घेतो. याच काळात २२ किंवा २३ सप्टेंबरला दिवस आणि रात्र जवळजवळ समान होतात. रात्री हळूहळू मोठ्या होऊ लागतात. पावसाने धुतलेल्या हवेत धूळ कमी असल्याने आभाळाची निळाई गडद दिसते आणि चांदणे अधिक निर्मळ वाटते. पहाटे दक्षिणेकडे अगस्त्याचा तेजस्वी तारा दिसू लागतो. तो उगवला की नदी-तळ्यांचे गढूळ पाणी निवळते, अशी आपल्याकडील जुनी धारणा आहे.

तरीही शरद हा सरसकट सुखाचा ऋतू नव्हे. ढगांचे छत्र गेलेले असते, जमिनीत ओल असते आणि ऊन थेट पडते. त्यामुळे ऑक्टोबरचा तो घामेजलेला उकाडा जाणवतो. आयुर्वेदाने या काळाला पित्तप्रकोपाचा काळ म्हटले आहे. पावसाळ्यात साठलेले पित्त शरदातील उन्हाने उसळते, असे त्याचे स्पष्टीकरण. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील सहाव्या अध्यायात प्रत्येक ऋतूत कसे वागावे, काय खावे याचे विवेचन आहे. तेथे शरदासाठी ‘हंसोदक’ सांगितले आहे. दिवसा सूर्याने तापवलेले, रात्री चंद्राने निववलेले आणि अगस्त्याच्या उदयाने निर्दोष झालेले पाणी म्हणजे हंसोदक. ही कल्पना आज कोणी शब्दशः घेणार नाही. पण एका ऋतूची सारी नितळता एका पेल्यात पाहणारी ती दृष्टी आजही मनाला भावते.

फुलांच्या बाबतीत शरद उदार आहे. पहाटे अंगणात पडणारा प्राजक्ताचा सडा, दसऱ्याचा झेंडू, पाठोपाठ येणारी शेवंती, तळ्यातील कमळे आणि नदीकाठी डुलणारे कासाचे पांढरे तुरे ही त्याची ओळख. शहरातील रस्त्याच्या कडेला लावलेली सप्तपर्णी याच सुमारास फुलते आणि संध्याकाळी तिचा उग्र गोड वास अख्ख्या गल्लीत भरून राहतो. दिल्लीत राहणाऱ्या मराठी माणसाला ऑक्टोबर आला हे दिनदर्शिकेच्या आधी या वासानेच कळते.

रोजच्या ताटातला शरद

शरद म्हटले की आपल्याला एकदम दिवाळीचा फराळ आठवतो. परंतु हा ऋतू त्याआधी कितीतरी दिवस रोजच्या साध्या ताटात येऊन बसलेला असतो. जुन्या वैद्यकग्रंथांनी शरदासाठी तांदूळ, मूग, पडवळ, आवळा, साखर आणि तूप हे पदार्थ हितकर मानले. दही, तेलकट पदार्थ, आकंठ जेवण आणि दुपारची झोप टाळावी, असे सुचवले. घरोघरच्या गृहिणींनी हे ग्रंथ वाचले नसतील, तरी त्यांच्या स्वयंपाकात हे शहाणपण उतरलेले दिसते. हरभऱ्याची डाळ घालून केलेली पडवळाची भाजी, मुगाचे साधे वरण, त्यावर तुपाची धार, वाफाळता भात आणि बाजूला आवळ्याची चटणी, एवढ्यावर शरदातील दुपार तृप्त होते. यासाठी ना फार खर्च लागतो, ना फार वेळ.

बाजारात या दिवसांत सीताफळे येतात. बीडच्या सीताफळाला भौगोलिक मानांकन लाभले आहे. पुरंदर तालुक्यातील सीताफळेही प्रसिद्ध आहेत. सीताफळ हे घाईने खाण्याचे फळच नव्हे. एकेक बी वेगळी करीत, बोटे चिकट करून घेत ते खावे लागते. घरातील तीन पिढ्या एका ताटाभोवती बसून सीताफळे खात आहेत आणि गप्पा रंगल्या आहेत, हे दृश्य म्हणजे शरदाने दिलेली बिनखर्चाची मेजवानीच होय.

कोकणात भात कापणीला येते आणि ‘नवे’ घरात आणले जाते. भाताच्या लोंब्या, आंब्याची पाने, झेंडू आणि कुरडूची फुले एकत्र बांधून दाराला तोरण लावतात. आश्विन पौर्णिमेला तेथे नवान्न पौर्णिमा म्हणतात. नव्या तांदळाचा भात चिकट होतो, त्याला एक वेगळा गोडवा असतो आणि त्याची पेजही दाट होते. वर्षभर जुना तांदूळ खाणाऱ्याला हा फरक पहिल्या घासात कळतो.

गोव्यात या नव्या धान्याचे स्वागत पोह्यांनी होते. नरकचतुर्दशीच्या पहाटे नरकासुराच्या प्रतिमेचे दहन झाले, अभ्यंगस्नान उरकले, तुळशीपाशी कारीट पायाखाली फोडले की घरोघरी ‘फोव’ खाण्याचा सोहळा असतो. दुधातले, ताकातले, नारळाच्या रसातले, गूळ-खोबऱ्यात कालवलेले, फोडणीचे, असे अनेक प्रकार एकाच पानात वाढतात. तांदूळ एकच, नारळ तोच; परंतु शेजारच्या घरात गेले की चव बदलते. म्हणून त्या दिवशी एकमेकांकडे जाऊन फोव खाल्ल्याशिवाय दिवाळी झाली असे तेथे कोणी मानत नाही.

एक पौर्णिमा, अनेक घरे

बदलीच्या नोकरीचा एक मोठा लाभ असा की, एकच पौर्णिमा निरनिराळ्या गावांत निरनिराळ्या चवीने अनुभवता येते. आश्विन पौर्णिमा ही आपली कोजागिरी. ‘कोण जागे आहे?’ असे विचारीत लक्ष्मी त्या रात्री फिरते, या समजुतीवरून हे नाव आले. महाराष्ट्रात गच्चीवर किंवा अंगणात दूध आटवतात. कोलकात्यात बदली झालेल्या मराठी कुटुंबाला मात्र तेथे दुर्गापूजेच्या पाठोपाठ घरोघरी लक्ष्मीपूजन होताना दिसेल. बंगालमधील लक्ष्मीपूजा दिवाळीला नव्हे, कोजागरीला असते. ओडिशात ही कुमार पौर्णिमा असते आणि मुली चंद्राची पूजा करतात. मिथिलेत हाच ‘कोजागरा’. तेथे नवविवाहितांच्या घरी मखाणे आणि विडे वाटण्याची रीत आहे. गुजरातेत शरद पूनमेला गरबा रंगतो आणि दूध-पोहे खाल्ले जातात. उत्तर भारतात तांदळाची खीर रात्रभर चांदण्यात ठेवून सकाळी प्रसाद म्हणून घेतात. दूध, तांदूळ आणि चंद्र या तीन गोष्टी एवढ्या मोठ्या देशात त्या रात्री सर्वत्र दिसतात.

आपले मसाला दूध करायला सोपे असले तरी त्याला सवड हवी. एक लिटर म्हशीचे दूध जाड बुडाच्या पातेल्यात मंद आचेवर ठेवावे आणि कडेची साय पुन्हा दुधात मोडत ते पाऊण लिटरपर्यंत आटवावे. बदाम-पिस्त्यांची भरड पूड, थोडी चारोळी, वेलची, जायफळ आणि कोमट दुधात खललेल्या केशराच्या काड्या शेवटी घालाव्यात. साखर बेतानेच घालावी. या सगळ्याला पाऊण तास तरी लागतो आणि तो पाऊण तास पातेल्यापाशी कोणीतरी उभे राहावे लागते. दूध आटवताना झालेल्या गप्पाच पुढे दुधाच्या चवीपेक्षा अधिक लक्षात राहतात, असा अनेकांचा अनुभव असेल.

या दुधातील केशर हीदेखील शरदाचीच देणगी आहे. काश्मीरमधील पांपोर परिसरात ऑक्टोबरच्या अखेरीस जांभळी केशरफुले उमलतात. ऊन चढण्यापूर्वी ती हातांनी खुडली जातात. प्रत्येक फुलात केवळ तीन लाल तंतू असतात. एक ग्रॅम केशरासाठी सुमारे १५० फुले लागतात. काश्मिरी भाषेत या ऋतूला ‘हरूद’ म्हणतात. चिनाराची पाने तांबूस होऊन गळतात, ती गोळा करून जाळतात आणि त्यांचा कोळसा हिवाळ्यातील कांगडीसाठी साठवतात. आपण पेल्यात केशराच्या चार काड्या सोडतो, तेव्हा कोणीतरी पहाटेच्या थंडीत वाकून खुडलेली ती फुले मनात आणावीत. दुधाची गोडी त्याने वाढेल.

अनारसा का हसतो?

दिवाळीच्या फराळाला ऋतूचा आधार आहे. पावसाळी हवेत तळलेला पदार्थ लवकर सादळतो. हवेतील दमटपणा ओसरला की केलेले तळण डब्यात टिकते. त्यात धान्य घरात आलेले, पाहुण्यांची ये-जा सुरू झालेली. म्हणून चकलीच्या भाजणीला हाच मुहूर्त साधतो. चार वाट्या तांदूळ, दोन वाट्या हरभरा डाळ, एक वाटी उडीद डाळ, अर्धी वाटी मूग डाळ, त्यांच्या जोडीला धने-जिरे हे एक रूढ प्रमाण. प्रत्येक धान्य वेगळे आणि मंद आचेवर भाजायचे. मोहन कमी पडले तर चकली कडक होते, जास्त झाले तर तेलात विरते. वाटी एकच असली तरी हात प्रत्येकीचा निराळा असतो, म्हणूनच दोन घरांची चकली कधी सारखी होत नाही.

फराळाच्या ताटात खरी परीक्षा पाहतो तो अनारसा. तांदूळ तीन दिवस भिजवायचे, रोज पाणी बदलायचे, चौथ्या दिवशी उपसून सावलीत पंचावर पसरायचे आणि अर्धवट ओलसर असतानाच कुटून बारीक चाळायचे. त्यात तेवढ्याच वजनाचा किसलेला गूळ आणि थोडे तूप घालून मळायचे आणि ते पीठ डब्यात चार-पाच दिवस मुरू द्यायचे. मग खसखशीवर थापून, खसखशीची बाजू वर ठेवून मंद तुपात सोडायचा. तो उलटायचा नाही. झाऱ्याने वरून तूप उडवत राहायचे. पीठ सैल झाले असेल तर अनारसा तुपात पसरतो, त्याचे तुकडे होतात. त्यालाच आपल्याकडे ‘अनारसा हसला’ म्हणतात. करणारीच्या डोळ्यांत पाणी आणि पदार्थ मात्र हसतो आहे, असा तो गमतीदार शब्दप्रयोग आहे.

बंगळुरूत नोकरी करणारी मुलगी नागपूरला असलेल्या आईला आजकाल दूरदृश्य संवादावर विचारते, “आई, पहिलाच हसला गं! आता सगळं पीठ टाकून देऊ का?” आई म्हणते, “अगं, टाकतेस कशाला? थोडी तांदळाची कोरडी पिठी मिसळ, मळ आणि एकच घालून बघ. आणि आच कमी कर आधी, तूप धुरावतंय तुझं.” मुलगी विचारते, “पिठी किती घालू?” आई क्षणभर थांबते आणि म्हणते, “ते असं सांगता नाही येत. हाताला कळेल तुझ्या.”

या ‘हाताला कळेल’मध्ये फार मोठी ठेव आहे. पाककृती पुस्तकात मिळते, यंत्रावर पाहता येते, तयार पीठही दुकानात मिळते आणि ज्यांना वेळ नाही त्यांनी ते आणण्यात काहीच गैर नाही. परंतु पिठाचा नेमका सैलपणा, गूळ जुना की नवा यावरून बदलणारे प्रमाण, तुपाच्या वासावरून ओळखायची आच हे ज्ञान माणसाच्या हातात असते. बँकेतील ठेवीला वारस नेमता येतो. या ठेवीला नामनिर्देशनाची सोय नाही. ती शेजारी उभे राहूनच घ्यावी लागते आणि त्यासाठी वर्षातून हेच चार दिवस मिळतात. ज्या घरात आजी, आत्या, मावशी किंवा फराळ करणारे आजोबा आहेत, त्या घराने यंदा निदान एक पदार्थ त्यांच्या शेजारी उभे राहून शिकावा. प्रमाण लिहून ठेवावे. शक्य असल्यास ते त्यांच्याच हस्ताक्षरात लिहून घ्यावे.

सुरांचा शरद

शरदाला आवाजही आहे. भोंडल्याच्या किंवा हादग्याच्या फेरात मधोमध पाटावर हत्तीचे चित्र मांडून मुली गाणी म्हणत. सूर्य हस्त नक्षत्रात प्रवेश करतो त्या सुमाराचा हा खेळ, म्हणून हत्ती. विदर्भ-खानदेशात याच दिवसांत भुलाबाईची गाणी होतात. गाणी संपली की खिरापत ओळखायची. झाकलेल्या डब्यात काय आहे, हे ओळखण्यात मिळणारा आनंद आतल्या खाऊपेक्षा मोठा असे. तेलंगणात हीच वेळ फुलांची उतरंड रचून तिच्याभोवती फेर धरणाऱ्या बतुकम्माची. तमिळ घरांत बाहुल्यांची आरास मांडून येणाऱ्या-जाणाऱ्यांना रोज वेगळ्या कडधान्याचे ‘सुंडल’ देतात आणि पाहुण्यांना एखादे गाणे म्हणण्याचा आग्रह होतो. हैदराबाद किंवा चेन्नई येथे राहणाऱ्या आपल्या वाचकांनी शेजाऱ्यांचे असे आमंत्रण नाकारू नये. आपल्या भोंडल्याला त्यांनाही बोलवावे.

कोजागिरीपासून कार्तिक पौर्णिमेपर्यंत महाराष्ट्रातील अनेक गावांत पहाटे काकडआरती होते. टाळ-मृदंगाच्या साथीने भूपाळ्या, अभंग, गवळणी म्हटल्या जातात. थंडीची पहिली शिरशिरी, देवळातील निरांजनांचा उजेड आणि दुरून येणारा मृदंगाचा नाद यांनी ज्यांचे बालपण भारलेले आहे, त्यांना कार्तिकातील पहाट शहरातही लवकर जाग आणते. रागसंगीतात सहा ऋतूंना सहा राग देणारी एक जुनी परंपरा आहे. तीत पावसाळ्याला मेघ, वसंताला हिंदोल, तर शरदाला भैरव दिला आहे. भैरव हा पहाटेचा राग. त्यातील कोमल ऋषभ आणि कोमल धैवत यांचे संथ आंदोलन ऐकताना मन आपोआप स्थिर होते. दिवाळीच्या पहाटे गावोगावी होणाऱ्या गाण्याच्या मैफलींत भैरवाचे सूर ऐकू येतात, तेव्हा ऋतू आणि राग यांची ही जुनी गाठ पुन्हा जुळलेली दिसते. मैफलीला जाणे जमले नाही, तर अभ्यंगस्नानाच्या आधी वीस मिनिटे घरात भैरव लावून शांत बसावे. पणतीच्या उजेडात तोही एक सोहळाच होतो.

ऋतू आणि सूर यांचे नाते किती खोल असते, याचा एक दाखला बंगालमध्ये आहे. आपल्याकडे सर्वपित्री अमावास्या म्हणून पाळली जाणारी तिथी तेथे महालया म्हणून ओळखली जाते. त्या पहाटे आकाशवाणीच्या कोलकाता केंद्रावरून ‘महिषासुरमर्दिनी’ हा कार्यक्रम ऐकण्याची प्रथा १९३० च्या दशकापासून चालत आली आहे. संहिता वाणीकुमार यांची, संगीत पंकज मल्लिक यांचे आणि पठण बीरेंद्रकृष्ण भद्र यांचे. १९७६ मध्ये त्याऐवजी नवा कार्यक्रम प्रसारित झाला. त्यात लोकप्रिय चित्रपट अभिनेते उत्तमकुमार यांचा आवाज होता. तरीही श्रोत्यांनी एवढी नाराजी व्यक्त केली की जुना कार्यक्रम पुन्हा सुरू करावा लागला. श्रोत्यांना त्या पहाटे नवे काही ऐकायचे नव्हते. आई-वडिलांनी ऐकलेला तोच आवाज त्यांना हवा होता.

बंगाली आणि मराठी शरदाचा आणखी एक धागा वाचनाचा आहे. दुर्गापूजेच्या निमित्ताने बंगालीत विशेषांक निघतात. बंगाली साहित्याचे चाहते असलेले संपादक काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी १९०९ मध्ये आपल्या ‘मनोरंजन’ मासिकाचा दिवाळी अंक काढला आणि मराठीत दिवाळी अंकांची परंपरा सुरू झाली. फराळाच्या ताटाशेजारी नवा कोरा दिवाळी अंक, त्याच्या शाईचा वास आणि ‘आधी मी वाचणार’ हे भावंडांचे भांडण हे शतकाहून अधिक काळ चालत आलेले मराठी सुख आहे. परगावी असलेल्या एखाद्या मित्राला, निवृत्त सहकाऱ्याला यंदा एक दिवाळी अंक टपालाने पाठवून पाहावा. मिठाईच्या खोक्याहून तो अधिक दिवस सोबत करतो.

ज्यांच्या दारी शरद उशिरा येतो

शरदाचे गोडवे गाताना एका गोष्टीचे भान ठेवायला हवे. परतीचा पाऊस लांबला तर कापणीला आलेले भात आडवे होते, सोयाबीनला शेंगेतच कोंब फुटतात आणि फुलोऱ्यातील द्राक्षबागा हातच्या जातात. २०१९ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये महाराष्ट्राने हे पाहिले. २०२५ च्या सप्टेंबरमध्ये मराठवाड्यातील पुराने उभी पिके आणि मातीही वाहून नेली. बलिप्रतिपदेला ‘बळीचे राज्य येवो’ म्हणत आपण ओवाळतो, त्यात हा बळीराजाही आहे. आपल्या ताटातील नवा तांदूळ ज्याच्या शेतातून आला, त्याची दिवाळी कशी गेली, हा विचार मनात असला की मालाचा भाव करताना आपली जीभ थोडी आवरते.

शहरातही अशी घरे आहेत. मुले परदेशी गेलेली, दोघेच घरात, डॉक्टरांनी गोड आणि तळलेले वर्ज्य केलेले. ‘आता आमच्यासाठी कशाला एवढा घाट?’ असे म्हणून तेथे कढई चढत नाही. अशा काका-काकूंच्या दारी फराळाचे ताट पोहोचवून परतू नये. कोजागिरीला त्यांना गच्चीवर हात धरून आणावे, बिनसाखरेचा पेला त्यांच्या हाती द्यावा आणि त्यांच्या लहानपणीची कोजागिरी कशी होती, एवढेच विचारावे. उत्तर ऐकायला अर्धा तास लागेल. चांदण्यात तेवढा वेळ सहज जातो.

सवड काढावी कशी?

‘हे सारे खरे, पण वेळ कोठे आहे?’ असा प्रश्न सुज्ञ वाचक विचारतील. तो रास्त आहे. साठही दिवस उत्सवाचे करणे कोणालाच शक्य नाही आणि त्याची गरजही नाही. शरदातील बहुतेक सुखे दहा मिनिटांत मावणारी आहेत. सकाळी फिरायला जाताना प्राजक्ताची ओंजळभर फुले वेचून कार्यालयातील मेजावर वाटीत ठेवावीत. दुपारपर्यंत ती कोमेजतात, पण तोवर सोबत करतात. सुटीच्या दिवशी मुलांना घेऊन मंडईत जावे आणि या ऋतूत काय नवे आले आहे, ते त्यांनाच शोधू द्यावे. रात्री जेवणानंतर घरातील दिवे पंधरा मिनिटे मालवून गॅलरीत बसावे. एक पदार्थ घरी करावा, बाकीचे विकत आणावेत. तुळशीचे लग्न लागले की नवे आवळे, चिंचा, बोरे खाण्याची जुनी रीत पाळून पाहावी. थोडी वाट पाहून खाल्लेला आवळा अधिक रुचतो, हे मुलांना तेव्हा आपोआप कळेल. कार्तिक शुद्ध पक्षात एखाद्या रविवारी डबे घेऊन आवळ्याच्या झाडाखाली जेवायला जावे. आवळीभोजनाची ही प्रथा म्हणजे आपल्या पूर्वजांनी दिनदर्शिकेतच लिहून ठेवलेली सहल होय.

त्रिपुरी पौर्णिमेला देवळांतील दीपमाळा उजळतात आणि शरदाचा निरोप घेण्याची वेळ येते. वाऱ्यात गारवा आलेला असतो, फराळाचे डबे तळाला गेलेले असतात आणि बाजारात हुरड्याची चर्चा सुरू होते. त्या संध्याकाळी घरातील सर्वांनी एक पणती लावावी आणि या साठ दिवसांत प्रत्येकाला सर्वांत जास्त काय आवडले, ते एकमेकांना सांगावे. कोणी अनारसा म्हणेल, कोणी सप्तपर्णीचा वास, कोणी आजीशी झालेल्या गप्पा. एकाला जरी सांगण्यासारखे काही सापडले, तरी तो शरद वाया गेला नाही असे समजावे.

आमच्या सर्व ग्राहकांना, सहकाऱ्यांना आणि त्यांच्या कुटुंबीयांना असे अनेक शरद लाभोत, ही सदिच्छा!